टाळ्या पोटभर, शर्यत मात्र नाही

१९२४ सालच्या मे महिन्यात, इटलीतल्या लाक्विलाहून पेरुजाला जाणाऱ्या रस्त्यावर एका बाईच्या सायकलचं हँडल मोडलं. पाऊस, समोरून वारा, खाली चिखल आणि पुढे डोंगरातला रस्ता. त्या दिवशीचा टप्पा होता २९६ किलोमीटरचा. एखाद्यानं सायकल खांद्यावर टाकून सरळ जवळचं स्टेशन गाठलं असतं. या बाईनं वाटेतल्या एका शेतकऱ्याच्या घरून झाडू मिळवला, त्याचा दांडा हँडलच्या जागी बसवला आणि ती पुढे निघाली. पेरुजाला पोचली तेव्हा वेळेची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

बाईचं नाव अल्फोन्सिना स्त्रादा, वय ३३, छातीवर क्रमांक ७२. पुरुषांच्या जिरो दितालियात, म्हणजे इटलीच्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीत, तिच्याआधी कुणी बाई धावली नव्हती आणि नंतरही धावली नाही. आडनावाचा इटालियन अर्थ ‘रस्ता’. लग्नानंतर मिळालेलं आडनाव, पण इतकं चपखल की कादंबरीकारानं ठेवलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

झाडूच्या दांड्याची ही गोष्ट सायकलवेड्या मंडळींमध्ये सगळीकडे सांगितली जाते. २०२४ साली शंभर वर्षं झाली तेव्हा तिला नव्यानं उजाळाही मिळाला. मात्र ती सांगणारे बहुतेक जण दांड्यापाशीच थांबतात. खरी गोष्ट पेरुजात पोचल्यानंतर सुरू होते.

मुदत चुकली म्हणून ती शर्यतीतून बाद ठरली. याबद्दल माझी तक्रार नाही, नियम तो नियम. पण शर्यत भरवणाऱ्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या वृत्तपत्राचे संपादक एमिलिओ कोलोंबो यांनी तोडगा काढला. निकालाच्या यादीत तिचं नाव नसेल, पण तिनं सायकल चालवत राहायचं. मुक्काम, जेवण, मालिश, सगळा खर्च वृत्तपत्राचा. कोलोंबो काही समाजसुधारक नव्हते. वाटेवरच्या गावागावांत लोक विजेत्याची नव्हे, तिची वाट बघत उभे राहत होते आणि गाझेत्ताच्या प्रतींना उठाव होता. बोलोन्या ते फियुमे हा ४१५ किलोमीटरचा टप्पा तिनं जवळपास एकवीस तासांत संपवला. फियुमेत लोकांनी तिला सायकलवरून उचलून खांद्यावर घेतलं. लोकांनी तिच्यासाठी वर्गणीही काढली. सुरुवातीला ९० जण निघाले होते, मिलानला अधिकृतपणे पोचले ३०. त्यांच्या जोडीला, यादीबाहेरची, ती.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा नाव द्यायचा प्रयत्न केला. तिला घेतलं नाही.

मला जे म्हणायचं आहे ते या एका वाक्यात मावतं, पण ते पटवायला जरा लांबचा वळसा घ्यावा लागेल. बायकांच्या खेळात पैसा, प्रक्षेपण, बक्षिसं यांचा विषय निघाला की एक ठरलेलं उत्तर येतं: आधी लोकप्रिय व्हा, बघणारे आणा, पैसा आपोआप येईल. उत्तर व्यवहारी वाटतं आणि देणारा स्वतःला वास्तववादी समजतो. इटलीतल्या सायकलपटू बायकांचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की लोकप्रियता तिथे पहिल्या दिवसापासून होती. नव्हती ती शर्यत. आणि शर्यत नसलेली लोकप्रियता म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मुळात अल्फोन्सिनाला १९२४ मध्ये दार उघडलंच का? त्या वर्षी मोठे संघ आणि त्यांचे नावाजलेले खेळाडू पैशांवरून अडून बसले होते. जिरार्देंगोसारखा लोकांचा लाडका त्या वर्षी जिरोत नव्हता. मग गाझेत्तानं एकेकट्या सायकलपटूंना आमंत्रण दिलं: या, राहण्याजेवणाचं आम्ही बघतो. तारे नसलेली शर्यत विकायची तर काहीतरी नवल हवं. नाव छापताना मात्र त्यांचा हात थोडा कचरला असावा. यादीत ते ‘अल्फोन्सिन’ असं आलं, दुसऱ्या एका वृत्तपत्रात ‘अल्फोन्सिनो’. शेवटचा ‘आ’ गेला की वाचणाऱ्याला ती बाई की बाप्या ते कळत नाही. छपाईतली चूक म्हणायची तर फारच सोयीची चूक.

ती काही हौस म्हणून आलेली नव्हती, हेही सांगायला हवं. एमिलिया भागातल्या गरीब कुटुंबातली मुलगी. वडिलांनी कोंबड्यांच्या बदल्यात एक मोडकी सायकल घरी आणली आणि तिथून हे वेड सुरू झालं, असं सांगतात. रविवारी प्रार्थनेला जाते सांगून ती शर्यतींना पळायची, अशीही गोष्ट आहे. १९१५ मध्ये लुइजी स्त्रादाशी लग्न झालं तेव्हा नवऱ्यानं भेट म्हणून शर्यतीची सायकल दिली. (आपल्याकडे रुखवतात सायकल आली असती तर ती जावयासाठी.) पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ आणि १९१८ मध्ये, लोंबार्दियाची शर्यत तिनं पुरुषांबरोबर धावून दोन्ही वेळा पूर्ण केली. नियमात ‘बाई चालणार नाही’ असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी बाई येईल असं नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे लुइजीचं मानसिक संतुलन बिघडलं आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तिला पैसा हवा होता आणि पैसा मिळवण्याचं जे एक साधन तिच्याकडे होतं ते दोन चाकांचं होतं.

जिरोचं दार बंद झाल्यावर तिनं काय केलं? सर्कशीत आणि रंगमंचावर सायकल चालवली. जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. लोक येत होते, टाळ्या वाजवत होते. देशभर नाव असलेली सायकलपटू, आणि पुढे जायला एक मीटर रस्ता नाही. लोकप्रियतेचं आणि कारकिर्दीचं नातं यापेक्षा स्पष्ट करून दाखवणारं दृश्य मला तरी माहीत नाही.

आता सत्तर वर्षं पुढे येऊ. फाबियाना लुपेरिनी, तोस्कानाची, १९७४ चा जन्म. चढावर तिच्यामागे टिकणं मुश्किल. बायकांचा जिरो तिनं १९९५ ते १९९८ असा सलग चार वेळा जिंकला आणि मग दहा वर्षांनी, २००८ मध्ये, पाचव्यांदा. फ्रान्समधली बायकांची मोठी टूरही १९९५, १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षं तिनंच जिंकली. म्हणजे एकाच मोसमात इटली आणि फ्रान्स दोन्ही जिंकण्याचा पराक्रम तिनं तीनदा केला. इटलीत तिला कौतुकानं काय म्हणत? ‘पंतानिना’. म्हणजे छोटी पंतानी. मार्को पंतानी हा त्या काळातला पुरुषांमधला घाटाचा राजा. त्यानं हा दुहेरी पराक्रम केला एकदाच, १९९८ मध्ये, तिच्यानंतर तीन वर्षांनी.

नाव प्रेमानंच दिलेलं होतं, त्यात कुत्सितपणा नव्हता. पण हिशोब बघा. जिनं आधी केलं ती धाकटी पाती आणि ज्यानं नंतर केलं तो मूळ ग्रंथ. ही लोकप्रियताच आहे, फक्त उसनी. दुसऱ्याच्या नावावर काढलेल्या खात्यात जमा होणारी.

लुपेरिनीला निदान जिंकायला शर्यत होती. बायकांचा जिरो १९८८ साली सुरू झाला आणि पहिलाच मारिया कानिन्सनं जिंकला. कानिन्स बर्फातली स्कीपटू, तिशी ओलांडल्यावर सायकलकडे वळलेली. त्याआधी १९८५ आणि १९८६ मध्ये फ्रान्सची बायकांची टूर जिंकून आलेली. पुरुषांचा जिरो १९०९ चा. मधली एकोणऐंशी वर्षं काय अडचण होती, याचं ‘प्रेक्षक नव्हते’ हे उत्तर मला पटत नाही. फियुमेतले प्रेक्षक तर बाईला खांद्यावर घेऊन नाचले होते.

शर्यत सुरू झाली तरी ती दिसायला हवी. इथे २०२० चं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. बायकांच्या सर्वोच्च श्रेणीतल्या शर्यतींनी दररोज किमान ४५ मिनिटांचं थेट प्रक्षेपण द्यावं, असा जागतिक सायकल संघटनेचा नियम आला. इटलीच्या बायकांच्या जिरोला ते जमलं नाही. शिक्षा म्हणून २०२१ मध्ये शर्यतीची श्रेणी एका पायरीनं खाली गेली. जिरो! या खेळात काशी-रामेश्वर म्हणावं अशा ठिकाणची शर्यत, आणि तिच्याजवळ पाऊण तासाचा कॅमेरा नाही. त्याच देशात पुरुषांचा जिरो रोज दुपारभर टीव्हीवर चालतो. हेलिकॉप्टरमधून द्राक्षमळे दाखवतात, किल्ले दाखवतात, कुणी रस्त्याकडेला लघवीला थांबला तर तेही चुकून दिसतं. आणि मग विचारायचं, बायकांची शर्यत बघतं कोण?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कॅमेऱ्याला पैसा लागतो. मोटारसायकली, हेलिकॉप्टर, रस्ता बंद ठेवणारे पोलिस, सगळ्याला लागतो. हा खेळ स्टेडियममध्ये होत नाही, तिकीट विकता येत नाही. पुरुषांचे संघसुद्धा प्रायोजक गेला की एका हिवाळ्यात बंद पडतात. ‘आम्ही धर्मादाय संस्था नाही’ हे आयोजकांचं म्हणणं खोटं नाही. पण पुरुषांची शर्यत तरी कशी मोठी झाली? गाझेत्तानं प्रती खपवण्यासाठी ती काढली. आधी पैसा ओतला, तारे घडवले, त्यांच्या भांडणांच्या बातम्या रंगवल्या आणि मग तो बाजार ‘नैसर्गिक’ झाला. झाडाला आधी पाणी घालावं लागतं हे पुरुषांच्या बाबतीत सगळ्यांना कळत होतं. बायकांच्या बाबतीत मात्र आधी फळ दाखवा, मग पाणी घालू.

एलिसा लोंगो बोर्गिनीची कारकीर्द याच दोन काळांच्या सांध्यावर उभी आहे, म्हणून ती मला मोलाची वाटते. १० डिसेंबर १९९१ चा जन्म, इटलीच्या वायव्येला, माज्जोरे सरोवराच्या काठच्या व्हेर्बानियात. आई ग्विदिना दाल सास्सो हिवाळी ऑलिंपिकमध्ये इटलीकडून उतरलेली स्कीपटू, भाऊ पाओलो व्यावसायिक सायकलपटू. घरातच घाम गाळायची रीत. २०१२ मध्ये, वय वीस असताना, जागतिक स्पर्धेत कांस्य. २०१५ मध्ये बेल्जियममधली फ्लँडर्सची शर्यत जिंकली. रिओ आणि टोकियो अशा दोन ऑलिंपिकमध्ये कांस्य. २०१७ मध्ये तोस्कानाच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची स्त्रादे बियांके. २०२२ मध्ये फ्रान्समधली पॅरिस-रुबे: दगडी फरशांच्या त्या कुप्रसिद्ध रस्त्यावर तिसाहून जास्त किलोमीटर एकटीनं अंतर राखत ती रुबेच्या जुन्या मैदानात शिरली. मागचा घोळका तिला आता गाठणार, मग गाठणार असं शेवटपर्यंत वाटत होतं. मी लॅपटॉपसमोर उभा राहून ते बघत होतो. खुर्ची होती, बसवत नव्हतं.

बायकांची पॅरिस-रुबे हीच मुळी २०२१ मध्ये सुरू झाली. पुरुष १८९६ पासून धावत होते. त्या पहिल्या वर्षी लिझी डेग्नन जिंकली, लोंगो बोर्गिनी तिसरी आली. दोघी ट्रेक या अमेरिकी सायकल कंपनीच्या संघातल्या. विजेतीला बक्षीस होतं १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३०,०००. तेच दगड, तीच धूळ, तोच चिखल. बायकांचं अंतर कमी होतं हे खरं, पण वीसपट कमी नक्कीच नव्हतं. संघाच्या मालक कंपनीनं वरची रक्कम आपल्या खिशातून भरली. चांगलं केलं. पण एखाद्या खेळात समान मोबदला मिळणं हे मालकाच्या दिलदारपणावर सोपवलेलं असेल तर त्याला व्यवस्था म्हणत नाहीत, बक्षिशी म्हणतात.

पगाराचीही तीच कथा. वरच्या श्रेणीच्या महिला संघांना किमान पगार बंधनकारक झाला तो २०२० मध्ये, वर्षाला १५,००० युरो. २०२३ पर्यंत तो ३०,००० च्या वर गेला. याचा अर्थ असा, की लोंगो बोर्गिनीनं २०१५ मध्ये फ्लँडर्स जिंकलं तेव्हा तिच्या खेळात किमान पगार नावाची गोष्टच नव्हती. शिवाय इटलीच्या १९८१ च्या क्रमांक ९१ च्या कायद्यानं व्यावसायिक खेळाडू कोण हे ठरवणं त्या त्या खेळाच्या महासंघावर सोडलं होतं आणि सायकलिंगमध्ये तो दर्जा पुरुषांनाच होता. देशातली सर्वोत्तम सायकलपटू कायद्याच्या नजरेत हौशी.

मग पोट कशावर चालायचं? इथे मराठी वाचकाला एकदम ओळखीचं वाटेल असं काहीतरी येतं. लोंगो बोर्गिनी इटलीच्या राज्य पोलिसांच्या ‘फियाम्मे ओरो’ या क्रीडा पथकाची सदस्य आहे. सैन्य, पोलिस, तुरुंग विभाग यांची अशी पथकं इटलीभर आहेत आणि कमी पैशांच्या खेळातल्या किती तरी पोरी त्यांच्या पगारावर उभ्या राहिल्या. आपल्याकडे रेल्वे जे करते तेच. खेळाडूची आई जेव्हा ‘रेल्वेत लागली’ असं सुटकेच्या सुरात सांगते तेव्हा त्या सुरात अख्खं क्रीडा धोरण असतं. ही पथकं वाईट मुळीच नाहीत. पण बाजारानं जे करायचं नाकारलं ते सरकारी खातं गुपचूप करतंय, हे ‘बाजार ठरवेल’ म्हणणाऱ्यांनी एकदा मान्य करावं.

आणि बाजाराचं म्हणाल तर तोही इटलीचा नाही. तिला सहा वर्षं पगार दिला तो अमेरिकी सायकल कंपनीच्या संघानं. २०२५ पासून ती अमिरातीच्या संघात आहे. तो संघही मुळात एका इटालियन महिला संघाचा परवाना घेऊन उभा राहिलेला. अरबस्तानातल्या तेलाचा पैसा बायकांच्या खेळात यावा की नाही, या वादात इथे शिरत नाही, तो निराळा आणि लांब विषय आहे. पण ज्या देशानं सायकलवर इतकं प्रेम केलं, तिथल्या लाडक्या लेकीचा पगार बाहेरून येतो आणि घरून टाळ्या, ही गोष्ट त्या देशाला टोचायला हवी.

लोकप्रियतेच्या बाजारात ती तशी फारशी चलाख नाही. नखरा नाही, वाद नाहीत, आरडाओरडा नाही. शर्यतीत मात्र फटकन हल्ला करते, अनेकदा गरजेपेक्षा लवकर, आणि त्यापायी जिंकता आल्या असत्या अशा काही शर्यती तिच्या हातून गेल्या असाव्यात असं माझं मत आहे. लोकांना ती आवडते ती याचमुळे. शेवटच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवणारे हुशार असतात. तीस किलोमीटर आधी निघणाऱ्याच्या मागे मन धावतं.

२०२४ मध्ये बायकांचा जिरो पहिल्यांदाच आरसीएस स्पोर्त या कंपनीनं भरवला. पुरुषांचा जिरो भरवणारी हीच कंपनी, गाझेत्ता ज्या समूहाचं आहे त्याच समूहातली. म्हणजे अल्फोन्सिनाला मिलानपर्यंत स्वतःच्या खर्चानं नेणाऱ्या आणि पुढच्या वर्षी दार लावून घेणाऱ्या घरानं बायकांचा जिरो हातात घेतला तो बरोबर शंभर वर्षांनी. पहिल्या दिवशी ब्रेशियात घड्याळाविरुद्धची शर्यत लोंगो बोर्गिनीनं जिंकली आणि एकूण वेळेत आघाडीवर असणारीची गुलाबी जर्सी अंगावर चढवली. सातव्या दिवशी ब्लॉकहाउसच्या चढावर जगज्जेती लोत्ते कोपेकी इतकी जवळ आली की दोघींमध्ये एकच सेकंद उरला. आठ दिवसांची शर्यत आणि शेवटच्या सकाळी हातात एक सेकंद. शिंकेलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

ती वाट बघत बसली नाही. अखेरच्या चढावर तिनंच हल्ला केला, कोपेकी मागे पडली आणि अंतर झालं २१ सेकंद. लुपेरिनीच्या २००८ नंतर जिरो जिंकणारी ती पहिली इटालियन बाई. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, मार्लेन रॉयसरला १८ सेकंदांनी मागे टाकून तिनं तो पुन्हा जिंकला. आणि २०२४ चा तो शेवटचा टप्पा संपला कुठे? लाक्विलामध्ये. झाडूच्या दांड्यासह अल्फोन्सिनानं पेरुजा गाठलं तो टप्पा जिथून निघाला होता, त्याच गावात. आयोजकांनी हे मुद्दाम जुळवलं की योगायोगानं झालं, माझ्यापुरता त्यानं फरक पडत नाही.

कुणी म्हणेल, बघा, शेवटी झालंच ना सगळं? झालं. पण कसं झालं तो क्रम बघा. आधी नियमानं प्रक्षेपण मागितलं, किमान पगार सक्तीचा केला, मोठ्या आयोजकानं शर्यत हातात घेतली. त्यानंतर घराघरात ती गुलाबी जर्सी दिसली. आपल्याकडे क्रिकेटमध्येही निराळं घडलं नाही. २०१७ च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यानंतर पोरींची नावं घरोघरी पोचली होती, सांगलीच्या स्मृतीचं तर खासच. तरी समान सामना मानधन २०२२ मध्ये आणि महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये आली. विश्वचषक नवी मुंबईत उंचावला तो त्यानंतर, २०२५ च्या नोव्हेंबरात. मधल्या पाच वर्षांत लोकप्रियता काही कमी नव्हती. निर्णय कमी होता.

म्हणून एखाद्या खेळाडू मुलीला शाल-श्रीफळ देताना व्यासपीठावरून ‘हिनं आपलं नाव मोठं केलं’ असं कुणी म्हणालं की मला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. पुढच्या मोसमात हिच्यासाठी किती शर्यती आहेत, आणि त्या दाखवणार कोण?

अल्फोन्सिनानं उतारवयात मिलानमध्ये सायकलचं दुकान चालवलं. दुसऱ्या नवऱ्याबरोबर सुरू केलेलं, तो गेल्यावर एकटीनं सांभाळलेलं. तिच्याकडे लाल रंगाची मोटो गुझ्झी मोटारसायकल होती. १३ सप्टेंबर १९५९ रोजी, अडुसष्टाव्या वर्षी, ती त्या गाडीवरून वारेसेजवळची एक शर्यत बघायला गेली, पुरुषांची. संध्याकाळी परतली आणि गाडी दुकानात ठेवायला निघाली तर ती सुरूच होईना. किक मारता मारता छातीत कळ आली आणि ती तिथेच कोसळली. बायकांची पहिली जागतिक रस्ता-शर्यत आदल्याच वर्षी झाली होती. बायकांचा जिरो सुरू व्हायला अजून एकोणतीस वर्षं होती.